मे महिन्यात फुलं पाहायला निघालो: पवनार ते यवतमाळ

मे महिना लागला की आपल्याकडचे लोक एकतर कुलरसमोर ठाण मांडतात नाहीतर मनाली-महाबळेश्वरचं बुकिंग करून मोकळे होतात, आणि विदर्भात उन्हाळ्यात पाहण्यासारखं काही असतं असं म्हटलं की समोरचा आपल्याकडे असा पाहतो की बस. पण माझं मत ठाम आहे, आमच्याकडे फुलांचा खरा सीझन हाच. हिवाळ्यात डेलिया, पेटुनिया, शेवंती सगळीकडेच असतात, नर्सरीतून कुंड्या आणल्या, पाणी घातलं, झालं. पारा ४५ च्या वर गेलेला असताना, जमीन भेगाळलेली असताना जे झाड फुलतं त्याची गोष्टच निराळी, आणि ते पाहायला गावातच जावं लागतं.

म्हणून यंदा आई, मी आणि माझा मामेभाऊ असे तिघं निघालो, फक्त फुलांसाठी. मुक्काम मोठ्या मावशीकडे, देवळीच्या पुढे एका लहानशा गावात. निघायच्या आधीच एक ठरवून टाकलं होतं की या दौऱ्यात वेळ आपल्या सोयीची नाही, फुलांच्या सोयीची. म्हणजे पहाटे पाच ते आठ, मग डायरेक्ट ऊन कलल्यावर. मधल्या वेळात मोठी झाडं पाहायची, तीही गाडीतून नाहीतर सावलीतून.

शुक्रवार

पहाटे पाचला नागपूर सोडलं. समृद्धीने गेलं असतं तर लवकर पोचलो असतो पण मला बुटीबोरी-सेलू-पवनार हाच रस्ता पाहिजे होता. हा रस्ता चौपदरी करताना दोन्ही बाजूची जुनी कडुनिंबं, चिंचा गेल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं, पहिले या रस्त्याने मे महिन्यातसुद्धा सावलीसावलीने जाता यायचं. आता मधल्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावलेली आहे. ती मात्र अशी काही फुललेली होती की मामेभावाने न सांगता स्पीड कमी केला. गुलाबी कण्हेर, पांढरी कण्हेर, मध्येच राणी रंगाची बोगनवेल, आणि उगवतं ऊन तिरपं त्यांच्यावर पडलेलं. कण्हेर तिथे लावतात त्याला कारण आहे, तिचा चीक विषारी, गुरंढोरं तोंड लावत नाहीत, आणि पाणी नाही मिळालं तरी ती कुरकुर करत नाही.

पवनारला धाम नदीच्या पुलाजवळ थांबलो. विनोबांचं ब्रह्मविद्या मंदिर इथलं, १९५९ सालचं, स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी त्यांनी सुरू केलेलं. नदीत पाणी बेताचंच होतं, खडक उघडे पडलेले. वर आवारात चाफा फुललेला, पांढरा, मध्ये पिवळा. झाडावर पान जवळजवळ नाही आणि फांद्यांच्या टोकाला नुसते गुच्छ. आई म्हणाली तिच्या लहानपणी चाफा फक्त देवळाजवळच असायचा, घरी कोणी लावायचं नाही. आता फार्महाऊसवाले हौसेने लावून राहिले.

सेवाग्रामला साडेसातच्या आत पोचायचं होतं, कारण बकुळ. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला या गावी राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. म्हणजे ऐन वर्ध्याच्या उन्हाळ्यात आले, हे लक्षात घ्या! आश्रमात बापूंनी लावलेला पिंपळ आहे आणि त्याच आवारात कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. लोक येतात, बापू कुटी पाहतात, फोटो काढतात आणि बकुळीखालून चालत निघून जातात, वर पाहतसुद्धा नाहीत. बकुळीचं असंच आहे, झाडाकडे पाहिलं तर फूल दिसतच नाही, गर्द हिरव्या पानात ते लपलेलं असतं. खाली पाहावं लागतं. रात्रभर फुलं पडतात, सकाळी झाडणीच्या आधी गेलो तर जमिनीवर सगळा सडा.

मी एक फूल तळहातावर घेऊन नीट पाहिलं. शर्टाच्या बटणाएवढं, मळकट पांढरं, कडेला बारीक बारीक पाकळ्या चांदणीच्या आकारात, आणि मधोमध आरपार भोक. झाडावरून पडताना ते पाकळ्यांचं कडं तेवढं सुटून येतं, म्हणून भोक. त्यामुळे हार करायला सुई लागत नाही, गवताची काडीसुद्धा चालते. आईने तिथेच बसून पदरात फुलं वेचली आणि एका लांब काडीत ओवली, तिथल्या झाडणाऱ्या बाईंनी आणखी ओंजळभर आणून दिली. बकुळीचं मला सगळ्यात जे आवडतं ते हे की ती वाळली तरी वास जात नाही, उलट गोडसर होतो. आजीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये बकुळीच्या वाळलेल्या माळा असायच्या, आणि त्या लुगड्याला जो वास यायचा तो कोणत्याही परफ्युमला नाही येत.

साडेनऊपर्यंत ऊन असं लागायला लागलं की दुपट्टा बांधूनही कानशिलं तापली. वर्ध्यात दही, पन्ह्यासाठी कैऱ्या घेतल्या आणि सरळ मावशीचं गाव गाठलं.

मावशी दारातच उभी. "काहून वं पोरी, एवढ्या उन्हात आनलं तुह्या मायले? सकायी येऊन जाची ना!" आईने बकुळीची माळ तिच्या हातात ठेवली तशी बोलणं बंद, माळ आधी नाकाला लावली, मग देवघरात.

दुपार झोपेत गेली. माठाचं पाणी, वाळ्याच्या ताट्या लावलेला कुलर, ज्वारीची भाकर, कांद्याची चटणी. संध्याकाळी उठलो तोच अंगणातून वास आला आणि मी चप्पल न घालताच बाहेर. मोगरा उमलायला लागला होता.

शनिवार

आज कुठेच गेलो नाही, दिवसभर मावशीचं अंगण. आणि मला विचाराल तर सगळ्या प्रवासातला सगळ्यात भारी दिवस हाच.

घर साधंच, पुढे छपरी, तिच्यासमोर अंगण, मागे वाडी. चारी बाजूंनी पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं, कुंपण. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही अर्धा-पाऊण तास. एवढ्या पाण्यावर तिने जे काय फुलवून ठेवलं आहे ते पाहून शहरातल्या लॉनवाल्यांनी येऊन शिकावं. आंघोळीचं पाणी नालीने सरळ कर्दळीला जातं, लाल-पिवळी कर्दळ तिथे माणसाच्या छातीपर्यंत आली आहे. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला. भांड्यांचं पाणी पहिल्या हाताचं केळीला. आणि मोगऱ्याच्या बुडाशी तिने जुने गळके माठ गळ्यापर्यंत जमिनीत गाडलेले आहेत, बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात चिंधीची वात घातलेली. माठ एकदा भरला, वर झाकण ठेवलं की ते पाणी दोन-तीन दिवस हळूहळू मुळाशी झिरपत राहतं, ऊन त्याला लागत नाही. वरून सोयाबीनचं कुटार पसरलेलं, त्यामुळे माती तापत नाही. मी हात घालून पाहिलं, वर कुटार चटका लागेल इतकं गरम आणि खाली माती ओलसर गार.

आता वेळेप्रमाणे सांगते.

पहाटे पाचला गुलबक्षी उघडी होती, आदल्या संध्याकाळी चारनंतर उमललेली. एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे असलेली अशी तिन्ही. ऊन आलं तशी ती मिटत गेली. सहाला जास्वंद, पाच-पाच पाकळ्यांची साधी लाल, जुनी गावरान. डबल पाकळीची जास्वंद मला कधीच फार आवडली नाही, त्यात तो मधला लांब दांडा नीट दिसतच नाही. जास्वंदीवर जांभळा शिंजीर आला, इवलासा पक्षी, नर उन्हात निळा-जांभळा चमकत होता, तो फुलाच्या समोरून न जाता बुडाशी चोच खुपसून मध प्यायला. आई म्हणे "चोर आहे हा", कारण परागकणाला हात न लावताच मध घेऊन गेला.

नऊ वाजले आणि कुंपणाच्या कडेला फुटक्या टोपल्यात, तेलाच्या पिप्यात लावलेलं ऑफिस टाइम उघडायला लागलं. याला कोणी चिनी गुलाब म्हणते, कोणी नऊची फुलं म्हणते. मी स्टूल टाकून समोर बसले आणि उघडताना पाहिलं. आधी कळीचं टोक सैल झालं, मग एक पाकळी बाजूला झाली, आणि मग अर्ध्या तासात पूर्ण फूल, केशरी, रेशमासारखी चमक. बाकीची झाडं उन्हाने मान टाकत होती तेव्हा हे कडक उन्हात पूर्ण ताणून उभं. त्याची पानं जाड, पाण्याने भरलेली, त्यामुळे त्याला काही वाटत नाही. दुपारी तीनपर्यंत मिटून गेलं, उद्या नवीन कळी. ढगाळ दिवस असला तर हे फूल उघडायला मागत नाही, त्याला कडक ऊनच लागते!

अकरानंतर अंगणात उभं राहणं शक्य नव्हतं. छपरीत बसून फाटकावरची बोगनवेल पाहत राहिलो. मावशी तिला उन्हाळ्यात पाणी देतच नाही म्हणा ना. "पानी देलं का नुसता पाला येते, फूल नाई येत," ती म्हणाली, आणि हे अगदी खरं आहे, बोगनवेलीला जरा तहान लागलेली असली की रंग उफाळून येतो. आपण ज्याला तिच्या पाकळ्या म्हणतो त्या खरं म्हणजे रंगीत पानं, तीन-तीनच्या जोडणीत, आणि खरं फूल म्हणजे आतली बारीक पांढरी नळी. हे मी मावशीच्या नातीला तोडून दाखवलं तर ती तेवढ्या उन्हात धावत जाऊन प्रत्येक झुपक्यात पांढरं फूल शोधत बसली. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, चाफा मध्य अमेरिकेचा, सदाफुली मादागास्करची. ती सदाफुली, जिच्यापासून कॅन्सरवरची व्हिनक्रिस्टीन, व्हिनब्लास्टीन ही औषधं निघाली, ती मावशीकडे न्हाणीच्या भिंतीच्या भेगेतून उगवलेली आहे. कोणी लावली नाही, कोणी पाणी घालत नाही, बारा महिने फुलते. इतक्या दुरून आलेली ही झाडं आता इथलीच झाली, देवाला वाहतो आपण ती.

संध्याकाळी साडेपाचला सडा टाकायच्या वेळी मावशीने मोगऱ्याची कळी कशी ओळखायची ते दाखवलं. हिरवट कळीला हात लावायचा नाही. जी टपोरी झाली, पूर्ण पांढरी झाली, तीच आज रात्री उमलणार, ती खुडायची, देठासकट. गजऱ्याला कळीच पाहिजे, उमललेलं फूल ओवलं तर सकाळपर्यंत तपकिरी पडते. तिच्याकडे साधा एकेरी मोगरा आहे, बटमोगरा आहे आणि एक हजारी मोगरा. दिसायला हजारी, पण वासाला एकेरी, असं तिचं मत आणि माझंही.

तिला विचारलं की एवढा बहर कसा येतो, तर म्हणाली, "पूस-माघात मी त्याले छाटतो, पानंबी खुडून टाकतो, पानी तोडतो. लोकं म्हनते बुढी झाड मारून राह्यली. मंग फागुनात शेणखत टाकून पानी देतो, का झालं, फुटते सपासप." मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्यावर, त्यामुळे छाटणी झाली नाही की झाड नुसतं वर वाढत जातं आणि फुलं मोजकीच. ज्यांचा मोगरा वर्षानुवर्षं फुलत नाही त्यांनी हे एवढं केलं तरी पुरे.

अंधार पडल्यावर अंगणात बाजा टाकल्या. लाइट गेलेली होती, बरंच झालं. मोगऱ्याचा वास रात्री वाढतो ही नुसती कल्पना नाही, रात्री उमलणारी पांढरी फुलं निशाचर पतंगांना बोलावतात, अंधारात रंगाचा उपयोग नाही म्हणून वास. मागच्या वाडीतून रातराणीचा वास येत होता. ती घरापासून दूर लावलेली, मावशी म्हणते तिच्यावर साप येतो, पण खरं कारण मला वाटते की तिचा वास डोक्यात जातो, मोगऱ्यासारखा ती मनाला थंडावा देत नाही.

रविवार

पहाटे चारलाच उठलो. गावाच्या शिवारात एका शेतकरी दादांनी अर्ध्या एकरात मोगरा लावला आहे, ड्रिपवर, आजूबाजूला सगळं कपाशीचं उघडं रान. मे महिन्यात कपाशीचं रान म्हणजे नांगरून पडलेली काळी माती, आणि तिच्या मधोमध हा हिरवा तुकडा, वास बांधावरूनच यायला लागला.

तोडणी अंधारातच चालू होती. बाया कपाळाला लाइट बांधून, कमरेला ओटी खोचून, दोन्ही हातांनी खुडत होत्या. मीही खुडायला लागले. एका बाईने माझा हात धरून शिकवलं, ओढायचं नाही, अंगठा आणि पहिलं बोट, नख न लावता, जराशी मुरड द्यायची की कळी सुटते. तिचा वेग पाहून डोळे फिरले माझे. ओटी भरली की ओल्या गोणपाटावर ओतायची. उजाडेपर्यंत काम संपलं पाहिजे, ऊन लागलं की कळी गाडीतच उमलते आणि बाजारात भाव पडतो. ओल्या फडक्यात बांधून माल मोटरसायकलवर वर्ध्याला, कधी यवतमाळला.

दादांशी चहावर बोलणं झालं. "कपाशीचा पैसा वर्षातून एकडाव, ह्याचा रोज. पन रोजचा पैसा म्हनजे रोजचं कामबी हाय जी." लग्नतिथी असली की भाव चढतो, तिथी नसली की तोडणीची मजुरी निघणं कठीण. पहिली दोन वर्षं सगळा खर्चच होता म्हणे. आणि तोडणीला बाया मिळाल्या नाहीत तर झाडावरच फुलं जातात, त्या दिवसाचं उत्पन्न गेलं, ते उद्या परत येत नाही. हे ऐकल्यावर रस्त्यावर गजरा घेताना मी तरी भाव करणार नाही, असं मनाशी ठरवलं. त्यांच्या बायकोने आम्हाला निघताना पसाभर कळ्या दिल्या, पैसे काही घेतले नाहीत.

तिथूनच पुढे कळंबला गेलो, वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. कळंबचा चिंतामणी प्रसिद्ध आहे, मंदिर जमिनीच्या पातळीच्या खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं, उन्हातून गेलं की खाली गारवा जाणवतो. बाहेर हारवाल्या मावशींकडे दूर्वा आणि लाल जास्वंद, ओल्या फडक्याखाली झाकलेली. जास्वंद एक दिवसाचं फूल, सकाळी उमललं, संध्याकाळी गुंडाळलं, त्यामुळे बाजारातून लांबून आणून विकता येत नाही, जवळच्या अंगणातूनच येते. त्यांनी सांगितलं की गावातल्या बारा-पंधरा घरांतून रोज सकाळी त्या स्वतः फुलं गोळा करतात. दर्शन झालं, दहाच्या आत परत.

सोमवार

आज झाडांचा दिवस. यवतमाळकडचं जंगल सागवानाचं, आणि मे महिन्यात सागाला एक पान नाही, नुसते खराटे उभे, खाली वाळलेल्या पानांचा थर, पाय ठेवला की कडकड आवाज. त्या सगळ्या करड्या रंगात मध्येच एखादा बहावा.

बहावा मी शहरात खूपदा पाहिला आहे, रस्त्याच्या कडेला, बागेत. पण जंगलातला बहावा पाहिल्याशिवाय बहावा पाहिला असं म्हणू नये. आम्ही घाटात गाडी बाजूला लावली आणि उतरून झाडाखाली गेलो. पान एकही नाही, अख्खं झाड पिवळं, हात-हात लांब घोस खाली लोंबणारे, वरची फुलं उमललेली आणि टोकाला कळ्या. जवळून पाहिलं तर प्रत्येक फुलातून तीन लांब पुंकेसर बाहेर येऊन वर वळलेले. त्यावर काळे मोठे भुंगे, आणि त्यांचा आवाज! भुंगा फुलाला धरून अंग असं झणझण थरथरवतो की पराग झडून त्याच्या अंगावर पडतो. झाडाखाली उभं राहिलं की तो आवाज डोक्यावर सतत. वारा आला की पाकळ्या खाली, आईच्या केसात, माझ्या दुपट्ट्यावर.

त्याच झाडावर मागच्या वर्षीच्या लांब काळ्या शेंगाही लटकत होत्या. अस्वलं, माकडं त्या फोडून आतला गर खातात आणि बी जंगलात पांगतं. तो गर पोट साफ करायला गावात आजही देतात. तिथे गुरं घेऊन आलेला एक गुराखी आबाजी भेटले, त्यांना विचारलं पाऊस कधी येईल, तर बहाव्याकडे हात करून म्हणाले, "हा फुलला का दीड महिन्यानं पानी येते, आमचा हाच पंचांग." दरवर्षी नेमकं तसंच होतं असं नाही, पण जंगलात राहणाऱ्या माणसाची नजर झाडावर किती असते ते कळते.

दुपारी एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत थांबलो, तिथले रिटायर झालेले गुरुजी आईच्या ओळखीचे. त्यांनी नोकरीच्या काळात शाळेच्या आवारात जी झाडं लावली ती आता मोठी झाली आहेत. गुलमोहर तर होताच, लाल नुसता, पण त्यांनी सोनमोहर आणि जारूळही लावलेली. जारूळ म्हणजे ताम्हण, आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल, आणि हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. जांभळ्या पाकळ्या, कागद चुरगळून परत सरळ केल्यासारख्या कडा. भर दुपारी लाल, पिवळा आणि जांभळा हे तिन्ही रंग एका कुंपणात, खाली सावली, आणि सावलीत गावातली पोरं गुलमोहराच्या पुंकेसरांची कोंबडा-कोंबडी झुंजवत बसलेली, ज्याचं डोकं तुटलं तो हरला. मीही खेळले, हरले.

शाळेच्या फाटकावर मधुमालती. गुरुजींनी पोरांना एक काम दिलेलं, एका घोसाला दोरा बांधून रोज रंग पाहायचा. संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. पांढरी असताना रात्रीचे पतंग येतात, गुलाबी-लाल झाली की दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं. एका पोराने ते वहीत रंगीत खडूने काढून ठेवलेलं मला दाखवलं, तारीख टाकून. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटी, त्यामुळे सुटीतही झाडं जगवायला पोरांनी पाळ्या लावल्या आहेत, हातपंपावरून बादली भरून प्रत्येक जण आपलं झाड ओलवून जातो. गुरुजी म्हणाले, "झाडं मी लावली, जगवली यांनी." त्यांच्या बोलण्यात जो अभिमान होता तो मला फार आवडला.

मंगळवार

रात्री वादळ आलं. आधी गरम वारा, मग धूळ, मग टपोरे थेंब, बोराएवढ्या गारा, दहा-पंधरा मिनिटांत सगळं संपलं. सकाळी अंगणात मोगऱ्याच्या कळ्यांचा थर चिखलात पडलेला, पऱ्हाट्यांचं कुंपण एका बाजूने आडवं, आणि रस्त्यावरच्या गुलमोहराची मोठी फांदी मोडलेली. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वादळात पहिला तोच मोडतो, घराला लागून लावू नये. मावशी मात्र काही बोलली नाही, चहाच्या आधी कमरेला पदर खोचून कुंपण उभं करायला लागली, मामेभाऊ आणि मी सोबत. चिखलातल्या कळ्या वेचून, धुऊन तिने पिण्याच्या माठात टाकल्या.

आणि तुळशीवृंदावनाच्या मागे, जिथे काल फक्त एक जाड देठ वर आलेला होता, तिथे मे फ्लॉवर उघडलेलं! याला फुटबॉल लिलीही म्हणतात. वर्षभर कांदा जमिनीत झोपून असतो, आपण तिथे काही आहे हे विसरूनही जातो, आणि मे महिन्यात पानांच्या आधी सरळ फूलच बाहेर येतं, लाल बारीक फुलांचा मोठा गोळा, प्रत्येक दांडीच्या टोकाला पिवळा ठिपका. गारांनी त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. मावशीच्या नातीने सगळ्या शेजारणींना हाक मारून आणलं, आणि मग सकाळच्या प्रहरी अंगणात बाया गोळा झाल्या, कोणाकडे कोणता कांदा आहे, कोणाला काय पाहिजे याचे सौदे ठरले. गावात नर्सरी अशीच चालते, पैसे न देता.

मला मोगऱ्याचं रोप पाहिजे होतं पण मावशीने साफ नाही म्हटलं. उन्हाळ्यात फुलावर आलेलं झाड हलवायचं नाही. मृगात ती फांदी जमिनीत दाबून ठेवणार, दिवाळीपर्यंत मुळं फुटली की मग घेऊन जायचं. आता तिने दिली ती गुलबक्षीची बी आणि ऑफिस टाइमच्या काड्या, त्याची कुठलीही काडी मातीत खोचली तरी लागते. कर्दळीचा गड्डाही दिला, तोही पहिल्या पावसानंतर लावायचा असं बजावून.

ज्यांना जायचं असेल त्यांनी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत जा, म्हणजे २५ मेच्या आधी. बहावा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सापडेल, जारूळ तोपर्यंत उतरणीला लागते, गुलमोहर पाऊस पडेपर्यंत असतो. बकुळीसाठी सेवाग्रामला सकाळी आठच्या आत. पाणी भरपूर, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि कोणाच्या अंगणात फूल दिसलं तर बाहेरून फोटो काढून पुढे जाऊ नका, आवाज द्या. या भागात फुलाबद्दल विचारलं आणि घरातल्या बाईने आत बोलावलं नाही असं होत नाही.

आम्ही अकराच्या आधी निघालो, काड्या ओल्या फडक्यात. घरी पोचल्यावर आईने फोन केला तर मावशी म्हणे, "अनंताले कया धरल्या, आठ दिवसात फुलते, कवा येता?"

पुढच्या शनिवारी जातो आहोत.